नवऱ्याचा रकाना

बाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला 'हॅलो' म्हटलं नाही. पिंपरीच्या आमच्या कारखान्यात टेलिफोनचा बोर्ड त्यांच्या ताब्यात होता. बाहेरून फोन आला की त्या फक्त "बोला" म्हणायच्या. समोरचा माणूस तब्येतपाण्याच्या चौकशीला लागला की म्हणायच्या, "कोण हवंय ते बोला." काम झालं की "ठेवते" म्हणून ठेवून द्यायच्या. हे फोनपुरतं असतं तर ठीक होतं, पण समोरासमोरही त्यांचं तेच. कॅन्टीनच्या रांगेत तुमच्याशी बोलत उभ्या असत, त्यांच्या लेखी विषय संपला की "ठेवते" म्हणत आणि तोंड फिरवत. पहिल्यांदा माझ्याशी अशा वागल्या तेव्हा मला वाटलं, आपण काहीतरी वावगं बोललो. पुढे कळलं की वार्षिक समारंभात जनरल मॅनेजरच्या बायकोलाही त्यांनी असंच मध्येच ठेवून दिलं होतं.

मी टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या खात्यात, होतो. त्यांची खोली आमच्या शेजारी, मध्ये लाकडी पार्टिशन. त्यामुळे बाईंचा आवाज मी दिवसभर ऐकत असे आणि त्या माझा. चेहऱ्यांकडे त्या कधी नीट बघतच नसत. रस्त्यात भेटल्या तर सरळ पुढे निघून जात. "नमस्कार बाई" म्हटलं की थांबत आणि म्हणत, "असं होय, तुम्ही! आधी बोलायचं ना." माणूस त्या आवाजावरून ओळखत आणि आवाजावरूनच त्याची किंमत करत. कुणी आजारपणाची रजा फोनवरून कळवली की बोर्डावरून सुपरवायझरला जोडून देताना हळूच सांगत, "हा बरा आहे." त्यांचं फारसं चुकत नसे. एकदाच चुकलं, आणि ते त्यांना फार महागात पडलं. त्यावर येतोच.

मग उदारीकरण नावाचं प्रकरण आलं. परदेशी भागीदार आला, त्याच्याबरोबर आपोआप चालणारं टेलिफोन एक्सचेंज आलं, आणि आम्हा सगळ्यांना 'स्वेच्छा' निवृत्ती देण्यात आली. त्या शब्दाचा मला आजही संताप येतो. कुणाची स्वेच्छा? माझी तर नव्हती. बाईंनी शेवटच्या दिवशी नव्या यंत्राला स्वतःच फोन लावून पाहिला. एका मुलीचा गोड आवाज म्हणाला, अमुकसाठी एक दाबा, तमुकसाठी दोन दाबा. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, रिसीव्हर ठेवला आणि म्हणाल्या, "ही बाई ऐकत नाही. नुसती बोलते." पर्स उचलली आणि गेल्या. निरोपसमारंभाला थांबल्या नाहीत. शाल-नारळ मी त्यांच्या घरी विश्रांतवाडीला पोचवला. नारळ ठेवून घेतला, शाल परत दिली. म्हणाल्या, टोचते.

निवृत्त झालेल्यांची आमची संघटना झाली. सेक्रेटरी म्हणून युनियनचेच एक जुने पुढारी आले. गोड बोलणारे, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. कंपनीने निवृत्तांना एक आरोग्य विमा दिला होता, नवरा-बायको दोघांना मिळून. दिला तेव्हा तो बरा वाटला होता. पण पुण्यात बघता बघता काचेची हॉस्पिटलं उभी राहिली. दारात पंचतारांकित हॉटेलसारखा दरवान. तिथे नुसतं आत जाऊन बाहेर आलं तरी तो विमा संपावा अशी गत झाली. मग त्याच्या वर दुसरा विमा घ्यायचा, ज्याला सगळे टॉप-अप म्हणतात, अशी टूम निघाली. म्हणजे खालचा विमा संपला की तिथून पुढचं बिल वरचा भरणार. एजंट माश्यांसारखे घोंगावू लागले. प्रत्येकाचा कुणी ना कुणी मुलगा हिंजवडीत संगणकासमोर बसलेला, तो तिथून रंगीत माहितीपत्रकं पाठवायचा. त्यात पिकल्या केसांचं एक जोडपं समुद्रकिनाऱ्यावर हसत पळताना दाखवलेलं. आमच्यातल्या कुणाचे गुडघे त्या वयात पळण्याजोगे नव्हते आणि समुद्रही जवळ नव्हता.

यातलं बरं कुठलं, वाईट कुठलं हे ठरवायचं काम संघटनेने बाईंवर सोपवलं. दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून सोपवलं, उगाच कुणाला मोठेपणा देऊ नये.

बाईंची पद्धत वेगळीच होती. माहितीपत्रक त्यांनी एकही उघडलं नाही. त्या प्रत्येक विमा कंपनीच्या मदतकेंद्राला फोन करायच्या आणि चार-पाच ठरलेले प्रश्न विचारायच्या. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, दुसरा माणूस, तेच प्रश्न. पुन्हा पुढच्या आठवड्यात. ज्या कंपनीचं उत्तर बदललं ती कंपनी बाद. "ज्याचा बोर्डच एकसारखा बोलत नाही त्याचा डॉक्टर काय बोलणार?" हा त्यांचा सगळा हिशोब. मला तो तेव्हा वेडेपणा वाटला होता. पुढे मी स्वतः एका विम्याच्या भानगडीत सापडलो तेव्हा कळलं की याहून शहाणी पद्धत असू शकत नाही.

एकदा मी त्यांच्याकडे गेलो असताना त्यांचा असा फोन चालू होता. रेकॉर्डवरची बाई सांगत होती, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. "महत्त्वाचा आहे तर उचला," बाई भिंतीकडे बघून म्हणाल्या. बऱ्याच वेळाने एक मुलगी आली.

"नमस्कार मॅम, मी आपली काय हेल्प करू शकते?"

"बाळ, वाक्य पूर्ण मराठीत तरी म्हण नाहीतर पूर्ण इंग्रजीत. आणि घाईने श्वास घेऊ नकोस, माऊथपीसमध्ये ऐकू येतो. आता सांग, एका वर्षात माणूस दोनदा ॲडमिट झाला, तर खालची रक्कम दोनदा वेगळी मोजणार की वर्षाची एकत्र?"

मुलगी गडबडली. होल्डवर ठेवू का म्हणाली. बाई म्हणाल्या, "ठेव. पण ते संगीत लावू नकोस." मुलीने खरंच संगीत लावलं नाही. कसं जमवलं कोण जाणे. परत आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मॅम, वेगळी मोजतात. पण हे मी सांगितलं असं सांगू नका." बाई खूश झाल्या. "ही पोरगी चांगली आहे, कंपनी चोर आहे," असा निकाल देऊन त्यांनी ती योजना खोडली.

या एका प्रश्नाने आमच्यातली किती माणसं वाचली! वेगळी मोजणी म्हणजे काय ते बाईंनी सभेत समजावून सांगितलं: जानेवारीत छातीचं दुखणं आणि जूनमध्ये गुडघा. दोन्ही वेळा बिल खालच्या मर्यादेच्या जरासं आत राहिलं, तर वरचा विमा दोन्ही वेळा हात वर करणार. खालचा विमा तर जानेवारीतच संपलेला. एकत्र मोजणी असेल तरच जूनचा गुडघा वाचतो. त्या हुशार मुलांनी पाठवलेल्या निम्म्या योजना अशा वेगळ्या मोजणीच्या निघाल्या. शेवटी बाईंनीच एका कंपनीशी बोलून संपूर्ण संघटनेसाठी एक सामुदायिक योजना जमवून आणली. वर्षाची एकत्र मोजणी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले. बाहेर एकट्यादुकट्याने विमा घ्यायला गेलात, तर मधुमेह आणि रक्तदाब यांना ते बरीच वर्षं हात लावत नाहीत. साठीच्या माणसाला मधुमेह आणि रक्तदाब सोडून दुसरं होतं काय?

सगळे खूश. सेक्रेटरींनी बाईंना गुच्छ दिला. बाईंनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता माझं एक काम आहे."

ते काम सांगण्याआधी धाकटीबद्दल सांगायला हवं. धाकटी म्हणजे बाईंची बहीण. बाई तिला 'धाकटी'च म्हणत, म्हणून आम्हीही. बाईंनी लग्न केलं नाही. धाकटीचं लग्न मात्र त्यांनीच जमवलं, आमच्याच कारखान्यातल्या टूलरूममधल्या एका माणसाशी. का, तर त्याचा फोनवरचा आवाज फार सरळ होता. हीच ती बाईंची चूक. त्या लग्नाला अर्धा कारखाना होता. मी होतो. सेक्रेटरी होते, आणि हौसेने पंगतीत जिलबी वाढत होते. काही वर्षांनी मूल नाही या सबबीवर त्या सरळ आवाजाच्या माणसाने धाकटीला बाईंच्या दाराशी आणून सोडलं आणि कात्रजला दुसरं घर केलं, दुसऱ्या बाईबरोबर. घटस्फोट नाही, पोटगी नाही, काही नाही. धाकटीने कोर्टात जायला नकार दिला. तिने त्याचं नाव टाकून दिलं, वडिलांचं लावलं, बालवाडीत शिकवायला लागली आणि तेव्हापासून बहिणीजवळ राहिली. तिला दमा होता, पुढे साखर आली. आमच्याकडे जे काय घडतं त्यात नवल असं नाही. नवल हे की तो माणूस कात्रजच्या बाईला राजरोस बायको म्हणून सगळीकडे मिरवायचा आणि जिलबी वाढणारे आमचे सभ्य गृहस्थ तिला वहिनी म्हणायचे.

तर बाईंचं काम हे. योजनेत प्रत्येक सभासदाच्या नावापुढे एक रकाना होता, पती किंवा पत्नी. बाईंचा रकाना कोरा. बाई म्हणाल्या, "माझी ती जागा रिकामी आहे. तिथे माझ्या बहिणीला घाला."

विमा कंपनीच्या अधिकाऱ्याशी त्या आधीच बोलून आल्या होत्या. तो म्हणाला होता, तुमच्या संघटनेची संमती असेल तर आम्ही एक ओळ घालू: पती, पत्नी किंवा सभासदाने नेमलेली एक व्यक्ती. हप्ता सगळ्यांचा किंचित वाढेल. किंचित म्हणजे किती, तर महिन्याला एखादा चहा कमी पिण्याएवढा.

नारायण पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. शनिवारची दुपार. मुलांच्या बाकांवर आम्ही थोराड माणसं गुडघे दुमडून बसलो होतो. सेक्रेटरींनी प्रस्ताव वाचला आणि वाचतानाच असा आवाज लावला की तो पडावा. मग चर्चा. चर्चा कसली, कलकलाट.

"आज बहीण, उद्या कुणी मेहुणी आणेल."

"परवा मोलकरीण."

"आम्ही काय धर्मशाळा काढलीय?"

"बाईंबद्दल आदरच आहे हो, पण कुटुंब म्हणजे कुटुंब."

आणि सेक्रेटरी, अगदी मायेने: "बाई, वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्ही वेळेवर लग्न केलं असतंत, तर आज हा प्रश्नच आला नसता."

मला तिथल्या तिथे उठून त्यांचा पांढरा शर्ट धरावासा वाटला. बाई शांत होत्या. त्या म्हणाल्या, "लग्न केलं असतं तर माझा नवरा तुम्ही घेतला असतात. दारुडा असता तरी घेतला असतात. मग त्याच्या जागी एक दारू न पिणारं माणूस देतेय, त्यात तुमचं काय जातंय?"

"प्रश्न नियमाचा आहे."

"माझ्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. एका सकाळी पिढ्यान्‌पिढ्यांचे नियम घराबाहेर काढून ठेवले. त्यांच्या आईने, बापाने, सगळ्यांनी. तुम्हाला एक ओळ बदलायला एवढं जड जातंय?"

बरेच जण बाकांवर मुलांनी कोरलेली नावं वाचू लागले. मग एक पेठेतले काका खाकरले आणि म्हणाले, "हे इथे कशाला आणायचं?" झालं, सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं. हात वर करून मतं घेतली. बाजूने मी आणि तुरळक काही. विरोधात बाकी सगळा हॉल. टूलरूमच्या त्या माणसाचाही हात वर. त्याच्या शेजारी कात्रजची बाई बसली होती, कारण सभा सहकुटुंब होती. त्याचा रकाना भरलेला होता. तो खोटा भरलेला आहे हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्याची दुसरी चालत होती. हिची सख्खी बहीण चालत नव्हती. आणि याला आमचे लोक नियम म्हणत होते!

आता बाईंपुढे दोनच वाटा उरल्या. एक, आपण जमवलेल्या या उत्तम योजनेत एकटीने जायचं आणि धाकटीला उघड्यावर ठेवायचं. कारण तिला एकटीला घ्यायला बाहेरची एकही कंपनी तयार नव्हती, दमा आणि साखर ऐकूनच सगळ्या फोन ठेवत होत्या. दुसरी वाट म्हणजे बाहेरची एक सुमार योजना. ती धाकटीला घ्यायला तयार होती, पण बाईंनीही त्याच पॉलिसीत यायचं या अटीवर. जुने आजार चार वर्षं वगळलेले. आणि दोन्ही योजनांचे हप्ते भरावेत एवढी त्या घरात ऐपत नव्हती.

मी दुसऱ्याच दिवशी विश्रांतवाडीला गेलो. दोन खोल्यांचं घर, लख्ख. धाकटीने चहा केला आणि ती आमच्यात बसली. मी बाईंना म्हटलं, "सरळ हिशोब आहे. धाकटीच त्या माणसाची कायदेशीर बायको आहे. विमा कंपनीला कळवा. कात्रजचं नाव उडेल, धाकटीचं लागेल. मग तुम्ही खुशाल योजनेवर सही करा."

"आणि त्या बाईचं काय?"

"कुठल्या?"

"कात्रजच्या. तिच्या दोन्ही किडन्या अधू आहेत. बाहेर तिला कोण घेईल?"

"तुम्हाला तिची काळजी?"

"मला तिची काळजी नाही. पण माझी जागा मोकळी असताना मी दुसरीला उठवून बहिणीला का बसवू? जागा आहे ना! एक अख्खी जागा आहे!" बाईंचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मी धाकटीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला त्याच्या नावाने औषधाची गोळीसुद्धा नको."

"मग बाईंनी एकट्यांनी तरी जावं," मी म्हणालो. "दोघींनी बुडण्यापेक्षा एक तरी—"

"ठेवते," बाई म्हणाल्या आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या.

त्यांनी ती सुमार योजना घेतली. सगळ्या संघटनेला आजाराचा हिशोब शिकवणाऱ्या बाईंनी स्वतःचा हिशोब असा केला. मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू? त्यांच्या हट्टाचा आला, आणि तो हट्ट करायला लावणाऱ्यांचा त्याहून जास्त आला. माझी बायको बाईंच्या योजनेत होती. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पुढे पित्ताशयाचं झालं, काही त्रास झाला नाही. दर वेळी हॉस्पिटलच्या खिडकीशी कार्ड सरकवताना मला बाईंची आठवण यायची आणि तोंड कडू व्हायचं.

दर वर्षी नूतनीकरणाच्या आधी सेक्रेटरी त्यांना फोन करत. "बाई, यंदा तरी या."

"ओळ घातलीत?"

"नाही हो, ते कसं—"

खाड. फोन बंद. सेक्रेटरी हे सगळ्यांना हसून सांगत. "बाईंचा स्वभाव!" म्हणत. स्वभाव! दुसऱ्याचा हक्क मारायचा आणि तो ओरडला की त्याला स्वभाव म्हणायचं, ही आमच्या गावाची जुनी सोय आहे.

दुखणं आलं ते बाईंनाच. सगळे धाकटीच्या दम्याची काळजी करत होते, आणि बाई एका सकाळी रेशनच्या रांगेत छातीला हात लावून खाली बसल्या. रक्तवाहिन्या तुंबलेल्या. विमा कंपनीने कळवलं की बाईंना रक्तदाब आधीपासून होता, हा आजार त्यातूनच आला, आणि वगळलेली वर्षं अजून संपलेली नाहीत. सामुदायिक योजनेत असत्या तर एक सही करून घरी आल्या असत्या. इथे कारखान्याचा खालचा विमा बघता बघता संपला आणि निवृत्तीच्या वेळी मिळालेला पैसा मुदतीआधी मोडावा लागला. मी हॉस्पिटलात गेलो तेव्हा बाई नळ्यांमध्ये पडल्या होत्या आणि नर्सला सांगत होत्या की तिचा इंटरकॉमवरचा आवाज फार चिरका येतो. बाहेर बाकावर धाकटी बसली होती. मी तिच्याशी बोलायला गेलो तर ती माझ्याकडे बघेना. एवढंच म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, परत होऊ शकतं."

त्या वर्षीची वार्षिक सभा त्याच हॉलमध्ये झाली. बाई काठी घेऊन आल्या. बरोबर धाकटी. दाराशी चहा-वड्याची कुपनं देणाऱ्याने विचारलं, "ह्या कोण?" बाई काही म्हणायच्या आत धाकटी म्हणाली, "मी सभासदाची बायको." बाईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं. घरून निघताना धाकटीने फक्त "मीही येते" एवढंच सांगितलं होतं.

योजनेच्या नूतनीकरणाचा विषय निघाला तशी धाकटी उठली. बालवाडीच्या मुलांपुढे उभी राहायची सवय, आवाज अगदी स्वच्छ.

"टूलरूममध्ये होते ते, तिथे खिडकीशी बसलेत. मी त्यांची लग्नाची बायको. त्यांच्या रकान्यात माझं नाव हवं."

सेक्रेटरी म्हणाले, "ताई, हा तुमचा खाजगी—"

"तुम्ही लग्नात होतात. जिलबी वाढत होतात. मला आग्रह केला होता तुम्ही."

सेक्रेटरींनी खिशातलं एक पेन काढलं आणि परत ठेवलं.

"आज नाव लागलं नाही, तर उद्या मी विमा कंपनीत जाणार," धाकटी म्हणाली. "मग ते इतकी वर्षं कुणाकुणाची बिलं भरली ते तपासतील. तुमचीही तपासतील."

टूलरूमचा माणूस बुटांकडे बघत बसला. तो सरळ आवाज त्या दिवशी निघालाच नाही. कार्यकारिणीची मंडळी फळ्यापाशी गोळा झाली, कुजबुजली आणि सेक्रेटरींनी जाहीर केलं की नोंदीत दुरुस्ती करण्यात येत आहे. बहिणीसाठी एक ओळ घालायला ज्यांना इतकी वर्षं नियम आड येत होता, त्यांनी एक नाव उडवून दुसरं घालायला चहा येईपर्यंतचाही वेळ घेतला नाही. नवऱ्याच्या नावाखाली आली की बाई नियमात बसते. बहिणीच्या नावाखाली ती मोलकरणीच्या रांगेत जाते.

"तुला त्याचं नाव लावायचं नव्हतं," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"नव्हतं."

"मग?"

"तुला सही करता यावी म्हणून. मी त्या बाकावर परत बसणार नाही, ताई. कर सही."

एवढ्यात कात्रजची बाई पुढे आली. शेजारचा माणूस जागचा हलला नाही, ती एकटीच आली. पाय सुजलेले होते, चप्पल धड बसत नव्हती. तिने टेबलाला धरून विचारलं, "म्हणजे माझं बंद का? माझं डायलिसिस सुरू व्हायचंय."

"वहिनी," सेक्रेटरी म्हणाले, आणि मग त्यांना बहुधा आठवलं की आता ती वहिनी नाही. "म्हणजे, बाई... आमचाही नाइलाज आहे. नियमच तसा."

धाकटीने मान खाली घातली. कात्रजच्या बाईकडे तिने पाहिलं नाही. रागाने नव्हे, तिला बघवेना म्हणून.

बाईंनी योजनेच्या अर्जावर सही केली. ठळक, पूर्ण नावाची. मग काठीवर जोर देऊन सरळ उभ्या राहिल्या आणि संपूर्ण हॉलला ऐकू जाईल अशा बोर्डावरच्या आवाजात म्हणाल्या, "सेक्रेटरी, माझ्या नावापुढची जागा अजून रिकामीच आहे. ह्यांना तिथे घाला."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाई हसल्या नव्हत्या.

"बाई, काहीतरीच काय? त्या तुमच्या कोण लागतात?"

"माझ्या बहिणीची सवत," बाई म्हणाल्या. "तुमच्या नियमाने एवढंच नातं शिल्लक ठेवलंय आमच्यात. तेच लिहा."

सेक्रेटरींनी टेबलावरचे कागद नीट रचले, हॉलच्या दाराकडे पाहिलं, आणि चहा आलेला आहे, सभासदांनी सहकुटुंब लाभ घ्यावा, असं जाहीर केलं.